फुप्फुस नवं, मांड्या जुन्याच

फुप्फुस प्रत्यारोपण झालेला रुग्ण ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या घरी परततो. ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, पण एक जिना चढला की पाय लटपटतात. घरच्यांना शंका येते, नवं फुप्फुस नीट चालतंय ना? बहुतेकदा ते उत्तम चालत असतं, दमलेल्या असतात मांड्या. आधीची ऑक्सिजनवरची वर्षं, मग आयसीयूतलं पडून राहणं, त्यात स्टेरॉइड. शिवाय शरीराने नवं फुप्फुस नाकारू नये म्हणून घ्यायची टॅक्रोलिमससारखी औषधं स्नायूपेशींच्या ऊर्जानिर्मितीतही अडथळा आणतात.

म्हणून ट्रेडमिलइतकीच साधी खुर्ची महत्त्वाची. ती भिंतीला टेकवून ठेवा. पावलं खांद्यांइतकी फाकवा, श्वास सोडत उठा, तीन मोजत सावकाश बसा. असं ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया. जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. हात रेटून उठू नका. दोन्ही फुप्फुसं बदलताना छातीचं हाड अनेकदा आडवं कापलेलं असतं. ते सांधेपर्यंत, साधारण ६ ते १२ आठवडे, ४-५ किलोपेक्षा जास्त वजन उचलायचं नाही. भरलेली बादली त्यात बसत नाही. जमिनीवर बसून जेवायची घाईही नको, उठताना हात टेकावेच लागतात.

व्यायामाआधी कफ काढायचा, तोही घड्याळ पाहून. नवं फुप्फुस श्वासनलिकेला जोडलं त्या जोडाखालच्या नसा कापल्या गेल्याने तिथे साचलेला कफ जाणवत नाही, खोकल्याची उबळच येत नाही. मध्यम श्वास घेऊन, आरशावर वाफ धरावी तसा तोंड उघडून 'हाऽ' करत जोरात सोडायचा.

चालणं १० मिनिटांपासून ३० पर्यंत न्यायचं. दम शून्य ते दहाच्या मापावर ३-४ असावा. वाक्य पुरं बोलता आलं पाहिजे. उपवन तलावाला फेरी मारायची तर गर्दी नसताना, मास्क लावून. कबुतरांना दाणे टाकतात तिथून आणि बांधकामाच्या धुळीपासून लांब. पावसाळ्यात सोसायटीचा पॅसेज चालतो, पण तिथलं अंतर हॉस्पिटलच्या सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीशी ताडू नका. ती ३० मीटरच्या सरळ मार्गावर होते. छोट्या पॅसेजमध्ये वळण्यातच वेळ जातो. टॅक्रोलिमसने हात थरथरत असेल तर ऑक्सिमीटरही चुकतो, हात छातीवर टेकवून आकडा पाहा.

ताप, नवा दम किंवा घरच्या स्पायरोमीटरवर (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायचं यंत्र) १० टक्के घट दिसली तर व्यायाम बंद आणि प्रत्यारोपण केंद्राला फोन. लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असताना टाचेमागे दुखलं तरीही तेच: स्टेरॉइडसोबत हे औषध घेताना तिथला स्नायुबंध तुटू शकतो.