मराठवाड्यातील तरुण मतदार : पक्षाआधी आंदोलन

मराठवाड्यातील तरुण कोणत्या पक्षाकडे झुकतो, हे जाहीरनाम्यांपेक्षा त्याच्या विशीत पेटलेल्या आंदोलनाने अधिक ठरवले आहे. 1974 मध्ये वसमतला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि विकासाचा अनुशेष (मागे राहिलेली कामे) भरून काढणे, रोजगार, रेल्वे या मागण्यांसाठी मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि त्यानंतरच्या दंगलीत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. 14 जानेवारी 1994 रोजी जुन्या नावाला आंबेडकरांचे नाव जोडून झालेल्या नामविस्तारापर्यंत गावोगावची तरुण पिढी या प्रश्नावर दुभंगलेलीच राहिली.

नामांतराला विरोध करणाऱ्या शिवसेनेने 1988 च्या औरंगाबाद महापालिका निवडणुकीत मुसंडी मारली. पुढच्याच वर्षी मतदानाचे वय 21 वरून 18 झाले. हिंदुत्वाचे आकर्षण होतेच, पण ज्याच्या घरात कोणी कधी सोसायटीचा संचालकही नव्हता, असा पोरगा एसटी थांब्याजवळ फलक लावून शाखाप्रमुख होऊ शकत होता, ही बाब माझ्या मते तितकीच निर्णायक ठरली. 1990 च्या दशकात महाविद्यालयांतील थेट निवडणुका बंद झाल्या आणि नव्या नेतृत्वाची एक वाट बुजली.

आजच्या पिढीची राजकीय जाण आरक्षणाच्या प्रश्नावर घडली आहे. जमिनीची वाटणी होत दोन-तीन एकरांवर आलेले घर, सोयाबीनचे पडलेले भाव आणि पोलीस भरती किंवा एमपीएससीचा भरवसा, अशा स्थितीत अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला कोणत्या प्रवर्गाची यादी किती गुणांवर थांबली हे तोंडपाठ असते. म्हणूनच 9 ऑगस्ट 2016 रोजी औरंगाबादेत निघालेला पहिला मराठा क्रांती मोर्चा आणि 1 सप्टेंबर 2023 रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेला लाठीमार त्याला थेट भिडला. मराठा आंदोलनाची प्रतिक्रिया म्हणून ओबीसी तरुणही एकवटला.

2024 च्या लोकसभेत मराठवाड्यातील आठपैकी एकच जागा महायुतीला मिळाली, तर काही महिन्यांत विधानसभेच्या 46 पैकी बहुसंख्य जागा तिने जिंकल्या. यावरून आंदोलनाचा प्रभाव ओसरला असे म्हणणे घाईचे होईल, कारण मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी उमेदवार न देण्याचे ठरवल्याने समर्थकांपुढे एकच एक पर्याय उरला नव्हता आणि महायुती सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे पैसे त्याच घरांत पोहोचत होते. जिल्हा परिषदेला तर हिशेब आणखी वेगळा असतो : तेथे तरुण बहुधा नेत्याच्या गटाचा असतो आणि नेता पक्ष बदलतो तेव्हा गटही त्याच्यामागे जातो.