घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ दिला तर भीती वाढते का?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात कुत्री पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो. फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरलेल्या कुत्र्याला चुचकारू नका, खायला तर मुळीच देऊ नका, नाहीतर त्याची भीती वाढेल. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, आणि तर्कही वरवर बिनतोड दिसतो. ज्या वागण्याला बक्षीस मिळते ते वागणे वाढते, मग घाबरण्याला बक्षीस दिले तर घाबरणे वाढणारच, असा तो तर्क. तो चुकीचा आहे. त्यापायी कितीतरी कुत्री वर्षातल्या सगळ्यात वाईट रात्री एकटी थरथरत काढतात, म्हणून हा लेख.

भित्र्या किंवा अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्यांना शांत करण्यासाठी क्लिकर नावाचे एक साधन वापरतात. काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी, आत पोलादाची लवचीक पट्टी. दाबली की 'टिक-टॅक' असा कोरडा, छोटा आवाज येतो. तो आवाज झाला की लगेच खाऊ मिळतो, एवढेच कुत्र्याला शिकवायचे. या युक्तीची मुळे १९४० च्या दशकात सापडतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर तेव्हा युद्धकार्यासाठी कबुतरांना शिकवत होते, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने पुढे हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर काढले. १९६० च्या दशकात हवाईमध्ये कॅरन प्रायर डॉल्फिनना शिकवताना शिट्टी वापरत. हवेत उडी मारलेल्या डॉल्फिनच्या तोंडात त्याच क्षणी मासा कसा देणार? शिट्टी त्या क्षणावर खूण करते, मासा मागाहून पोचतो. १९९० च्या दशकात प्रायर यांनी हेच तंत्र क्लिकरच्या रूपाने कुत्रेवाल्यांमध्ये रुजवले.

आता त्या तर्काकडे. प्राण्यांच्या शिकण्याचे दोन प्रकार मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात भेटतात. एक रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हचे अभिजात अभिसंधान : एका गोष्टीपाठोपाठ दुसरी येते हे मेंदू हेरतो आणि पहिली दिसताच शरीर दुसरीच्या तयारीला लागते. दुसरे स्किनरचे साधक अभिसंधान : मी काहीतरी केले, त्याचे फळ मिळाले, म्हणून मी ते पुन्हा करीन. 'बक्षिसाने वागणे वाढते' हा नियम दुसऱ्या प्रकाराचा. भीती मात्र पहिल्या प्रकारात मोडते. मेंदूतला अमिग्डाला धोक्याचा इशारा देतो, हृदय धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते, पचन थांबते. यातले काहीही कुत्रा ठरवून करत नाही, त्यामुळे मोबदला मिळाला म्हणून तो ते जास्त करू शकत नाही. दाढदुखीने कळवळणाऱ्या माणसाच्या हातावर पेढा ठेवला म्हणून त्याची दाढ जास्त ठणकत नाही.

उलट घडल्याचा पुरावा शंभर वर्षे जुना आहे. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पीटर आवडीचे खात असताना ससा आधी दूर ठेवला, मग हळूहळू जवळ आणला. शेवटी पीटर त्या सशाला कुरवाळू लागला. खाऊने भीती वाढली नाही, विरली.

आता आक्रमकपणा. गोव्याच्या कुठल्याही वाड्यावर रोज घडणारी गोष्ट घ्या. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो आणि कुत्रा फाटकावर झेप घेऊन भुंकतो. पोदेर पाव देऊन पुढे जातो. तो जाणारच असतो, पण कुत्र्याच्या हिशेबात आपण भुंकलो म्हणून तो गेला. हे सकाळ-संध्याकाळ चालते. वागणे बक्षिसाने वाढते, ते इथे खरे, आणि इथले बक्षीस म्हणजे 'तो गेला' हा दिलासा. आपण ज्याला रागीट कुत्रा म्हणतो तो बहुतेक वेळा घाबरलेला कुत्रा असतो. त्याला ओरडून किंवा फटका मारून गप्प केले तर भुंकणे थांबेल, भीती तिथेच राहील, वर पोदेर आला की मार बसतो ही नवी भीती जोडली जाईल. गुरगुरण्याला शिक्षा करणे तर फारच धोक्याचे. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे. ती दाबली की काही कुत्री सूचना न देता चावू लागतात.

क्लिकने हे कसे बदलते? इथे मला थोडे खोलात जायचे आहे, कारण मेंदूविज्ञानातला माझा सर्वात आवडता शोध या टिक-टॅकच्या मागे उभा आहे.

वोल्फ्राम शुल्त्स हे शास्त्रज्ञ माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचे विद्युत्-संकेत नोंदवत होते. माकडाला फळाच्या रसाचा थेंब अचानक मिळाला की या पेशी जोरात उद्दीपित होत. मग रसाच्या आधी एक संकेत द्यायला सुरुवात केली. काही फेऱ्यांनंतर पेशी संकेतालाच उद्दीपित होऊ लागल्या आणि रस मिळाला तरी त्यांचा वेग नेहमीचाच राहिला. तिसरी गोष्ट सगळ्यात सुंदर आहे. संकेत दिला आणि रस दिला नाही, तर रस ज्या क्षणी यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचा वेग नेहमीच्या पातळीखाली गेला. याचा अर्थ, या पेशी सुख मोजत नाहीत. जे मिळाले त्यातून जे अपेक्षित होते ते वजा करून उरणारा फरक त्या मोजतात. या फरकाला भाकीत-त्रुटी म्हणू. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले तर त्रुटी धन, तितकेच मिळाले तर शून्य, कमी मिळाले तर ऋण. आणि शिकणे म्हणजे दर वेळी जुन्या अपेक्षेत या त्रुटीचा एक छोटा अंश मिळवत जाणे. १९९७ मध्ये शुल्त्स, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी हे गणित मांडले. संगणकाला अनुभवातून शिकवण्यासाठी रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी आधीच तयार केलेल्या रीतीशी ते तंतोतंत जुळत होते. सटन-बार्टो जोडीला २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो याच शाखेसाठी. आपल्या अंगणातला कुत्रा जे गणित डोक्यात करतो तेच आजची यंत्रेही करतात, हे मला आजही थक्क करते.

या गणितातून क्लिकरचे नियम आपोआप निघतात. पहिल्या काही क्लिकांनंतर डोपामिनची उसळी खाऊवरून क्लिकवर सरकते. आवाज पाव सेकंदाच्या आत संपतो, म्हणून मेंदूला नेमका कोणता क्षण मोलाचा हे कळते. खाऊ खिशातून काढेपर्यंत कुत्र्याने तीन वेगळ्या गोष्टी केलेल्या असतात. क्लिक केल्यावर खाऊ दिला नाही तर ऋण त्रुटी होते आणि क्लिकची किंमत उतरते. म्हणून चुकून दाबले गेले तरी खाऊ द्यायचाच. आणखी एक नियम मानसशास्त्रज्ञ लिऑन कॅमिन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून समजतो. एखादा संकेत परिणामाचे पूर्ण भाकीत करत असेल, तर त्याच्या जोडीला आलेल्या नव्या संकेताबद्दल प्राणी जवळजवळ काहीच शिकत नाही. त्रुटीच शून्य, तर शिकणार काय? खिशाकडे जाणारा तुमचा हात म्हणजे खाऊ, हे कुत्र्याला आधीपासून ठाऊक असते. हात आणि क्लिक एकत्र झाले तर क्लिक वाया जातो. आधी क्लिक, मग हात हलवायचा.

भीतीच्या बाबतीत क्रमाला तर विलक्षण महत्त्व आहे. आधी पोदेर दिसला पाहिजे, मग खाऊ. उलट केले, म्हणजे पोदेर यायच्या आधी खाऊ हातात घेऊन बसलात, तर खाऊ हाच पोदेराचा इशारा होतो आणि कुत्रा तुमच्या हातातल्या कलेजीकडेही संशयाने पाहू लागतो. 'खाऊ देऊन पाहिला, उपयोग नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा क्रम उलटा झालेला असतो.

प्रत्यक्षात करायचे ते असे. कुत्र्याला पट्ट्याने धरून इतक्या दूर उभे राहा की पोदेर दिसेल, कान टवकारले जातील, पण भुंकणे सुरू होणार नाही. हे अंतर पाच मीटर असेल किंवा पन्नास, ते कुत्रा ठरवतो. त्याने पोदेराकडे पाहिले की क्लिक, मग खाऊ. पुन्हा पाहिले, पुन्हा क्लिक. काही दिवसांनी एक क्षण येतो : कुत्रा पोदेराकडे पाहतो आणि आपण होऊन मान वळवून तुमच्याकडे बघतो. पोदेर आता खाऊची बातमी घेऊन येणारा झालेला आहे. इथवरचे काम पावलोव्हचे, इथून पुढचे स्किनरचे, कारण आता क्लिक त्या मान वळवण्याला द्यायचा. मग अंतर थोडे थोडे कमी करा. आवडीचा खाऊही त्याने घेतला नाही तर तो हट्टीपणा समजू नका. भीतीने पचन बंद पडले आहे, तुम्ही फार जवळ आला आहात, मागे सरा. खाऊ वासाचा हवा : उकडलेली कोंबडीची कलेजी, काटे काढलेला उकडलेला बांगडा, नखाएवढे तुकडे. सुकी मासळी फार खारट, ती नको.

क्लिकरच्या नावाने जो डांगोरा पिटला जातो तोही मला पटत नाही. इटलीतल्या त्रिएस्ते विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये क्लिकर, तोंडी शब्द आणि नुसता खाऊ अशी तुलना केली, तेव्हा शिकण्यात उल्लेखनीय फरक आढळला नाही. वर सांगितलेल्या गणिताशी हे विसंगत नाही. संकेत अचूक वेळी आणि दर वेळी सारखा असला की झाले, मग तो 'छान' हा एकच शब्द का असेना. आवाजाला बिचकणाऱ्या कुत्र्याला तर क्लिकरचाच धसका बसू शकतो. त्याच्यासाठी क्लिकर कापडात गुंडाळून वापरा किंवा बॉलपेनची टिकटिक पुरे. बहिऱ्या कुत्र्याला टॉर्चचा क्षणभर उजेड चालतो. पण 'सात दिवसांत कुत्रा शांत' अशी जाहिरात करणारा, किंवा विजेचा झटका देणारा पट्टा विकणारा कोणी भेटला तर त्याला फाटकाबाहेर ठेवा. पोर्तुगालमध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ९२ कुत्र्यांच्या अभ्यासात शिक्षा वापरणाऱ्या प्रशिक्षण केंद्रांतल्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक जास्त वाढलेले आढळले, आणि ताणाची लक्षणेही जास्त दिसली.

तीच गोष्ट घरगुती समजुतींची. कुत्रा रात्री रडला म्हणजे त्याला यमदूत दिसतात, मिरची आणि कच्चे मांस घातले की तो राखणीला तिखट होतो, गळ्यात काळा दोरा बांधला की शांत राहतो. यातले एकही खरे नाही, आणि मिरचीने फक्त त्याचे पोट जळते. कुत्र्यावर सतत 'वरचढ' राहायला हवे ही कल्पना शास्त्रीय भाषेत बोलली जाते खरी, पण ती बंदिवासातल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती लोकप्रिय होण्यास ज्यांचे पुस्तक कारणीभूत ठरले, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एक कुटुंब. हिंस्र जातींवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारे विधेयक गोवा विधानसभेने २०२५ मध्ये मंजूर केले. ताकदवान जबड्याचा कुत्रा चावला तर इजा मोठी होते, हे मान्य. पण दिवसभर साखळीला बांधलेला, माणसांची ओळखच नसलेला कुत्रा कुठल्याही जातीचा असो, तो धोकादायक होऊ शकतो, आणि यावर कायद्यापेक्षा त्याच्या घरच्यांनाच जास्त करता येते.

काही मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. शांत कुत्रा अचानक चावरा झाला तर आधी पशुवैद्य. कानाचा संसर्ग, दातदुखी, सांधेदुखी यांवर क्लिकर चालत नाही. माणसाला चावलेल्या कुत्र्यावर हा प्रयोग एकट्याने करू नका, त्याला जाळीदार मुसके घाला आणि जाणकाराची मदत घ्या. रेबीजची शंका असलेल्या कुत्र्याजवळ तर जाऊच नका. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला तो वर्षानुवर्षे चाललेल्या लसीकरणामुळे, पण म्हणून कोणताही चावा दुर्लक्ष करण्याजोगा ठरत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा.

शिवाय जुनी भीती पुसली जात नाही. नवे शिकणे तिच्यावर बसते. विझलेली प्रतिक्रिया काही काळाने आपोआप परत येते, हे पावलोव्हनेच नोंदवले होते. वाड्यावर पोदेराला सरावलेला कुत्रा म्हापशाच्या बाजारात सायकल पाहून पुन्हा भुंकेल. तिथे पुन्हा दुरून सुरुवात करायची, मात्र या वेळी तो लवकर शिकतो.

फटाक्यांसाठी सराव चवथीच्या कितीतरी महिने आधी सुरू करायला हवा. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात लावा, आवाज आला की खाऊ, आणि कुत्रा आरामात राहील तसतसा आवाज वाढवा. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. त्यामुळे आपल्याला बारीक वाटणारा आवाज त्याला बारीकच वाटेल असे धरू नका, त्याच्या कानांकडे आणि शेपटीकडे पाहा. खऱ्या बारचा दणका भ्रमणध्वनीच्या स्पीकरमधून येत नाही, म्हणून चर्चच्या फेस्ताच्या किंवा जत्रेच्या दारूकामाचा लांबून येणारा आवाजही सरावाला वापरा. फारच घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्य भीती कमी करणारे औषध देऊ शकतात. नुसती गुंगी आणणारे औषध नको, शरीर निपचित पडते आणि आत भीती तशीच राहते. चवथीत फटाके फुटू लागले की, किंवा दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री, सराव करायचा नाही. दारे-खिडक्या लावून घ्या, पंखा आणि गाणी चालू ठेवा, पलंगाखालची जागा त्याची त्याला राहू द्या. प्रत्येक बारानंतर कलेजीचा तुकडा त्याच्यापुढे सरकवा. खाल्ला तर उत्तम. नाही खाल्ला तर त्याच्याजवळ बसून राहा, आणि तो अंगाला येऊन चिकटला तर त्याला खुशाल जवळ घ्या.