गाढ बेशुद्धी (कोमा)

हाक मारली, हलवले किंवा वेदना दिली तरी रुग्ण डोळे उघडत नाही, शब्द उच्चारत नाही व सांगितलेली कृती करीत नाही, अशी अवस्था. झोपलेल्याला उठवता येते, गाढ बेशुद्धीतील रुग्णाला येत नाही. घेरी (मूर्च्छा) बहुधा मिनिटभरात ओसरते.

‘कोमा’ हा शब्द गाढ झोप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. आयुर्वेदातील ‘संन्यास’ हा त्याचा प्रतिशब्द मानावा का, याविषयी एकमत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २४) मद (धुंदी), मूर्च्छा व संन्यास अशा चढत्या पायऱ्या येतात. या संहितेचा मुख्य भाग इ. स. च्या पहिल्या एकदोन शतकांपर्यंत सिद्ध झाला असावा. दोषांचा वेग ओसरला की मद व मूर्च्छा आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, असे तेथे म्हटले आहे. रुग्णाचे वर्णन ‘काष्ठीभूतो मृतोपमः’ असे आहे. काही भाषांतरकार संन्यास म्हणजे रक्ताघात (अॅपोप्लेक्सी, म्हणजे मेंदूचा अचानक झटका) असे मानतात. परंतु रक्ताघात हे एक कारण आहे आणि चरकाने वर्णिली आहे ती अवस्था. त्यामुळे गाढ बेशुद्धी हाच अर्थ अधिक जुळतो. त्यावर तीक्ष्ण अंजन, नाकात औषध फुंकणे, सुया टोचणे, केस उपटणे, नखांच्या आत पीडा देणे, खाजकुइली चोळणे असे उपाय सांगितले आहेत. नखावर दाब देणे आजही चालू आहे; फरक इतकाच, की तेव्हा ती चिकित्सा होती, आज ते मोजमाप आहे.

हे मोजमाप म्हणजे ग्लासगो कोमा मापनश्रेणी. ती ग्लासगोतील मेंदूशल्यचिकित्सक ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडण्यास ४, बोलण्यास ५ व हालचालीस ६ असे कमाल १५ गुण आहेत, किमान ३. मूळ श्रेणीत हालचालीचे ५ गुण, म्हणजे एकूण १४ होते. वेदनेपासून हात मागे घेणे व हात विकृतपणे आखडणे यांत पुढे भेद केल्यावर एक गुण वाढला. जुने अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवावे. ८ किंवा कमी गुण म्हणजे सामान्यतः गाढ बेशुद्धी. एकूण बेरजेपेक्षा तिन्ही गुण वेगळे लिहिणे श्रेयस्कर, कारण श्वासनलिकेत नळी असलेल्या रुग्णाच्या बोलण्याला गुण देता येत नाहीत. आज्ञाही रुग्णाला कळणाऱ्या भाषेतच द्यावी. पुण्यातील अतिदक्षता विभागात खेड्यातून आलेल्या आजीला ‘जीभ दाखवा’ असे मराठीतून सांगितले, तरच उत्तराला अर्थ राहतो.

जागृती टिकवणारी जालिका-रचना (चेतापेशींचे जाळे) मेंदूस्तंभात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठासारख्या भागात असते, हे मोरूत्सी व मॅगून या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. ती तुटली किंवा मेंदूचे दोन्ही गोलार्ध एकदम बाधित झाले, तर शुद्ध जाते. कारणे : डोक्याला मार, रक्तस्राव, मेंदूज्वर, हृदय बंद पडणे, रक्तातील साखर फार कमी वा फार जास्त होणे, यकृत वा मूत्रपिंड निकामी होणे, विषबाधा. लहान मुलांत काही तासांत शुद्ध घालवणारा चांदिपुरा विषाणू १९६५ मध्ये पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी वेगळा केला. ऑर्गनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशक पोटात गेल्यास डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. अफूवर्गीय औषधांनीही तसेच होते.

उपचारात प्रथम श्वासमार्ग, श्वास व रक्ताभिसरण सांभाळतात आणि लगेच रक्तातील साखर तपासतात. मग सीटी स्कॅन व कारणानुसार प्रतिविष, प्रतिजैविक वा शस्त्रक्रिया. तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. मान दुखावल्याचा संशय नसेल तर रुग्णाला कुशीवर वळवावे.

गाढ बेशुद्धी सहसा दोन ते चार आठवड्यांपलीकडे टिकत नाही. पुढे रुग्ण शुद्धीवर येतो, दगावतो किंवा डोळे उघडे पण जाणीव नसलेल्या अवस्थेत जातो. मेंदूस्तंभमृत्यू (मेंदूस्तंभाचे कार्य कायमचे थांबणे) वेगळा : १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तो ठरवायचा असतो. त्याआधी औषधांचा अंमल, शरीर थंड पडणे व सर्पविष यांची शक्यता वगळावी लागते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही. स्नायू लुळे पडतात, पापण्या मिटतात, बाहुल्या विस्फारून स्थिर होतात आणि रुग्ण मेल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात तो सारे ऐकत असू शकतो, आणि व्हेंटिलेटरवर वेळेत ठेवल्यास पूर्ण बराही होतो.