फर्मा काढणे (नौकाबांधणी)

होडीच्या आतील वक्र आकार पातळ प्लायवर (फर्म्यावर) उतरवून त्यावरून आडभिंत, कप्पा किंवा तळफळी कापण्याची रीत. आत काटकोन क्वचितच सापडतो, म्हणून केवळ टेपच्या मापांवर फळी बसत नाही.

ॲरिस्टॉटलने उल्लेखिलेली लेस्बॉसच्या गवंड्यांची शिशाची लवचीक पट्टी हिची पूर्वज मानता येईल. परंतु ती दगडाला बिलगून आकार घेते, तर फर्मा अंतर राखून घेतो. त्यामुळे स्वतंत्र उगमच अधिक संभवनीय वाटतो.

कडेपासून २–३ सेंमी. आत राहील असा ३–४ मिमी. प्लाय ओळंब्यात पक्का करून कंपासाचे एक टोक कवचावरून (होडीच्या बाह्य भिंतीवरून) फिरवितात, दुसरे प्लायवर रेषा ओढते. येथे दोन पद्धतींची गल्लत होते. कंपास सतत आडवा धरल्यास रेषा जशीच्या तशी सरकून उतरते आणि फळी तेवढीच आडवी सरकविली की बसते. हे एकाच बाजूपुरते चालते. कंपास कवचाला काटकोनात वळवत नेल्यास समांतर रेषा मिळते, मूळ वक्र नव्हे : ४० सेंमी. त्रिज्येच्या गोलाईत ३ सेंमी. अंतर ठेवले, तर रेषेची त्रिज्या ३७ सेंमी. भरते. म्हणून तिच्यावरील बिंदूंपासून तेवढ्याच अंतराचे कंस नव्या फळीवर बाहेर मारून, सर्व कंसांना स्पर्श करील अशी लवचीक पट्टी वाकवून रेघ ओढावी. दोन्ही बाजू एकदम घ्यायच्या असतील तर हीच पद्धत बरी. कंपासाचे अंतर फर्म्याच्या कोपऱ्यात टोचून ठेवतात. ते मध्येच हलले तर फर्मा फुकट. बिंदू ५–८ सेंमी.वर, तीव्र वळणावर २ सेंमी.वर घ्यावेत. कंपासाऐवजी क्रमांकित खाचांची टोकदार काठीही चालते.

नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) होडी निमुळती होत जाते. तेथील आडभिंतीची मागील बाजू मोठी असते. फर्मा तिच्यावरून घेऊन पुढे कड तिरकी तासावी. पुढील बाजूवरून घेऊन कड सरळ कापली तर मागे फट राहते. फायबरच्या होडीत फळी कवचाला टेकवत नाहीत, ३–६ मिमी. फट ठेवून फोम भरतात, नाहीतर तेवढ्याच रेषेवर ताण एकवटून कवच तडकू शकते. वर काचकापड व रेझिन.

कोल्हापूरच्या ओतशाळांतील पॅटर्नमेकरला (ओतकामाचे नमुने घडविणाऱ्याला) फर्मा नवा नाही. पूरपट्ट्यातील होडीच्या दुरुस्तीला त्याचा हात उपयोगी, त्याची पट्टी मात्र नव्हे : बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आकसते म्हणून त्या पट्टीवरील मापे सुमारे १ टक्का मोठी आखलेली असतात आणि १ मी.ची फळी १ सेंमी.ने वाढते.