कार्नेगींनी दिली ती इमारत, वाचनालय नव्हे

'अमेरिकेतल्या लहान गावांना वाचनालयं मिळाली ती अँड्र्यू कार्नेगींमुळे' हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धंच खरं आहे. पोलादाच्या धंद्यात अफाट श्रीमंत झालेल्या या अमेरिकी उद्योगपतीचा, कार्नेगींचा, जन्म १८३५चा. न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावानं सार्वजनिक पैशातून मोफत वाचनालय काढलं ते १८३३ साली! पुस्तकं ठेवली होती एका दुकानात. टपाल कचेरीही तिथेच, म्हणजे पत्र न्यायला या आणि पुस्तकही न्या.

पुढे कार्नेगींनी जगभर अडीच हजारांवर इमारतींना पैसे दिले, पण अट घालून. जागा गावाची, शिवाय देणगीच्या १० टक्के रक्कम गावानं दरवर्षी उभी करायची. १०,००० डॉलर घेतले की वर्षाला १,००० गावाच्या माथी. पुस्तकं, ग्रंथपालाचा पगार, डागडुजी सगळं त्यातूनच. काही गावांनी तर हिशेब करून देणगीच नाकारली.