नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही?

उन्हाळा लागला की दरवर्षी हा मेसेज फिरतो: "रेसिंगवाले नायट्रोजन भरतात, नायट्रोजन गरम होऊन फुगत नाही, म्हणून टायर फुटत नाही."

पहिला भाग खराय. स्वतःची रेसिंग कार स्वतः बांधणारा ड्रायव्हर टायरच्या अर्ध्या पीएसआयचाही हिशोब ठेवतो, कारण तेवढ्यानं वळणावरची पकड बदलते. त्याला हवी असते कोरडी हवा. आपल्या कॉम्प्रेसरच्या हवेत ओल असते, तिची वाफ झाली की प्रेशर किती वाढेल याचा अंदाज चुकतो, आणि नायट्रोजन कोरडा मिळतो एवढंच.

पण तो गरम होऊन फुगत नाही हे काही खरं नाही, कुठलाही गॅस तापला की प्रेशर वाढतंच. आणि गंमत म्हणजे साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो!

पटत नसेल तर मोजून बघा. सकाळी गार टायरचं प्रेशर घ्या, मग मे महिन्यात दुपारी परभणीहून जिंतूरला जाऊन लगेच परत मोजा. टायर ३० डिग्रीनं तापला असेल तर ३० पीएसआयचे ३४ च्या आसपास होतात, मग आत नायट्रोजन असो की हवा. (वाढलं म्हणून तिथंच हवा सोडू नका, टायर कंपनीनं ते धरलेलं असतं.)

टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यानं, जास्त लोडनं किंवा जुना झाल्यानं. हवा कमी असली की बाजूची भिंत सारखी दबते आणि आतून तापते. बरोबर आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, तो गार टायरचा असतो.