डोळा पळतो, जग का पळत नाही?

‘दृष्टिपटलावर प्रतिमा उलटी पडते आणि मेंदू ती सुलटी करतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेलं असतं. त्यातला पहिला भाग बरोबर आहे. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने तो १६०४ मध्येच सांगून ठेवला होता. दुसऱ्या भागाने मात्र पिढ्यान्‌पिढ्या गैरसमज पसरवला आहे. मेंदूत ना पडदा आहे, ना पडद्यासमोर बसून बघणारा कुणी. दृष्टिपटलाच्या वरच्या भागातून संदेश आला की वस्तू खाली आहे, एवढा हिशेब पक्का असला तर काम भागतं. सुलटं करण्याची वेळच येत नाही.

खरं कोडं उलट्या प्रतिमेचं नाही, पळणाऱ्या प्रतिमेचं आहे. जागेपणी आपले डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारतात. हे वाचतानाही तुमची नजर ओळीवरून घरंगळत नाहीये, टप्प्याटप्प्याने उडत चालली आहे. या उडीला ‘सॅकाड’ म्हणतात आणि मोठ्या उडीत डोळ्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्या वर जातो. दर उडीला अख्खी प्रतिमा दृष्टिपटलावर भलतीकडे जाऊन पडते. आत्ता मध्यावर असलेला दरवाजा पुढच्या क्षणी कडेला! तरी दरवाजा हलला असं कुणालाच वाटत नाही.

म्हणजे वस्तू कुठे आहे हे एकटं दृष्टिपटल सांगू शकत नाही. डोळा तेव्हा कुठे वळला होता हेही कळायला हवं. ते मेंदूला कसं कळतं?

एक डोळा झाका. उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी पापणीवरून बोटाने अगदी हलकेच ढकलल्यासारखं करा (कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर नको). समोरची भिंत डुगडुगते. आता उलट प्रयोग. दिव्याकडे क्षणभर बघून खोलीत मिट्ट अंधार करा. डोळ्यांपुढे एक ठिपका तरळत राहील. हा ठिपका दृष्टिपटलावरच उमटलेला असतो, त्यामुळे तिथली त्याची जागा बदलत नाही. बोटाने डोळा ढकला, ठिपका जागचा हलत नाही. स्वतःहून नजर फिरवा, ठिपका नजरेबरोबर पळतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात अशाच निरीक्षणांवरून निष्कर्ष काढला की मेंदू डोळ्याच्या स्नायूंना जो हुकूम सोडतो, तोच हिशेबात धरतो. बोटाने ढकलताना हुकूम नसतो, म्हणून प्रतिमा सरकली की जग हललं असं वाटतं. अंधारातल्या ठिपक्याचं नेमकं उलटं होतं: हुकूम आहे, पण प्रतिमा सरकलेली नाही. मग ठिपकाच सरकला असणार!

सरकारी पत्राखाली ‘प्रत माहितीसाठी’ असं लिहून दुसऱ्या विभागाला एक प्रत धाडतात ना, तसंच हे. मूळ हुकूम स्नायूंना जातो, प्रत दृष्टीचा हिशेब ठेवणाऱ्या भागांना. १९५० मध्ये फॉन होल्स्ट आणि मिटलश्टेट या शास्त्रज्ञांनी याचा झकास पुरावा दिला. त्यांनी एका माशीचं डोकं १८० अंशांत फिरवून तसंच चिकटवून टाकलं. आता माशी उजवीकडे वळली की दृश्य अपेक्षेच्या उलट दिशेने सरके. प्रतीतली नोंद आणि दृश्य यांची वजाबाकी शून्य येण्याऐवजी दुप्पट येई, चूक सुधारायला ती आणखी उजवीकडे वळे आणि गोल गोल फिरतच राही. त्याच वर्षी रॉजर स्पेरीने माशाचा डोळा उलटा फिरवून हाच प्रकार दाखवला.

माकडांमध्ये या प्रतीचा एक मार्गही सापडला आहे. ती मध्यमेंदूतल्या सुपिरिअर कॉलिक्युलस या नजर वळवणाऱ्या भागातून निघते, थॅलॅमस या मेंदूतल्या संदेश पुढे धाडणाऱ्या ठाण्यातून जाते आणि कपाळामागच्या, नजरेच्या उड्यांशी संबंधित फ्रंटल आय फील्डमध्ये पोचते. समर आणि वुर्ट्झ यांनी २००२ मध्ये थॅलॅमसमधला हा टप्पा औषधाने तात्पुरता बंद पाडला. लागोपाठच्या दोन उड्यांपैकी पहिली नीट झाली, दुसरी चुकली, कारण पहिलीची पुरेशी नोंदच पुढे पोचली नव्हती. (‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. तुमचा मध्यमेंदू जन्मापासून चालूच आहे. मुलं वाचतात ती नाकाशेजारच्या फटीतून.)

त्याहून विलक्षण शोध १९९२ चा. माकडाच्या मेंदूच्या पार्श्विक खंडात (डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूला) असा एक भाग आहे, जिथली चेतापेशी दृश्याच्या ठरावीक तुकड्यावर लक्ष ठेवते. उडीचा हुकूम निघाला की त्यातल्या काही पेशी, डोळा हलण्याआधीच, उडीनंतर त्यांच्या वाट्याला येणाऱ्या तुकड्याला प्रतिसाद देऊ लागतात.

इतकी चोख व्यवस्था असूनही मेंदू तिचा सगळा उपयोग करत नाही. नजर उडत असताना पडद्यावरचा ठिपका थोडा सरकवला, तर बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही, हे १९७५ मध्ये दिसलं. पण १९९६ मध्ये डॉयबेल आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. उडीनंतर सेकंदाच्या काही दशांश भागापुरता ठिपका गायब ठेवायचा आणि मग सरकलेल्या जागी दाखवायचा. आता लोक तो किती आणि कुठे सरकला ते छान ओळखू लागले. अचूक माहिती मेंदूकडे होतीच. उडी संपल्यासंपल्या वस्तू साधारण अपेक्षित जागी दिसली, की तो ती माहिती बाजूला सारतो आणि ‘जग स्थिर आहे’ असं धरून चालतो.